सातवी की आठवी? फ्रेंच-अमेरिकन शाळेत गेलेल्या एका मराठी मुलीचे प्रकरण

मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकले आणि पुढे कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, मुलांना फ्रेंच शिकवत राहिले. इथे आलेली मराठी कुटुंबे अधूनमधून शाळेबद्दल विचारायला येतात. त्यांपैकी एका कुटुंबाचे हे प्रकरण आहे. त्यांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि शाळेचे नाव घेतलेले नाही. मुलांना मी थोरली आणि धाकटा एवढेच म्हणणार आहे. यातला एक सल्ला माझा होता आणि तो चुकला, हेही आधीच सांगते.

पार्श्वभूमी

आईवडील दोघेही पुण्याचे. वडील चिप डिझाइनमधले इंजिनिअर, 2005 पासून फ्रान्समध्ये ग्रेनोब्लला. थोरली नोव्हेंबर 2006 मध्ये तिथेच जन्मली, धाकटा फेब्रुवारी 2013 मध्ये. घरात मराठी, घराबाहेर फ्रेंच, आणि इंग्रजी फक्त वडिलांच्या ऑफिसात. थोरली तिसऱ्या वर्षी 'मातेर्नेल'मध्ये, म्हणजे फ्रेंच बालवाडीत गेली. सहाव्या वर्षाच्या आतच ती शाईच्या पेनाने, फ्रेंच वह्यांच्या त्या बारीक जांभळ्या-निळ्या रेघांवर, वळणदार, एकमेकांना जोडलेले (कर्सिव्ह) अक्षर काढायला लागली. तिच्याकडे कवितांची वही होती: एका पानावर कविता, समोरच्या पानावर तिने काढलेले चित्र. प्रत्येक कविता तोंडपाठ. ती वही ती अमेरिकेत बरोबर घेऊन आली, म्हणून मी पाहिली.

2019 च्या उन्हाळ्यात कंपनीने वडिलांची कॅलिफोर्नियात बदली केली. तेव्हा थोरलीने फ्रेंच माध्यमिक शाळेचे दुसरे वर्ष संपवले होते. फ्रेंच लोक इयत्ता उलट्या मोजतात. माध्यमिक शाळा 'सहावी'पासून सुरू होते, मग 'पाचवी', 'चौथी', 'तिसरी', 'दुसरी', 'पहिली' आणि शेवटी 'तेर्मिनाल'. तिची 'पाचवी' (सँकिएम) झाली होती. ही पाचवी अमेरिकेतल्या सातवीच्या जोडीची, म्हणजे पुढचे वर्ष 'चौथी' (कात्रिएम), अमेरिकेत आठवी. वाचकांचा गोंधळ होऊ नये म्हणून यापुढे मी अमेरिकन इयत्ताच लिहिते.

धाकटा मातेर्नेल संपवून आला होता. तो फ्रेंच झरझर बोलायचा, पण वाचायला शिकलेला नव्हता, कारण फ्रान्समध्ये वाचन-लेखन रीतसर सुरू होते ते पहिलीत. अमेरिकेत त्याच्या वयाची मुले आधीच्या वर्षी किंडरगार्टनमध्येच वाचायला लागलेली असतात.

अडचण

आईवडिलांनी मला पहिल्यांदा फोन केला तेव्हा प्रश्न साधा वाटत होता: फ्रेंच शाळा की अमेरिकन शाळा? आईचे म्हणणे, "ताई, दहा वर्षं तिचं सगळं शिक्षण फ्रेंचमध्ये झालंय. ते एकदम सोडायचं कसं?" वडिलांचे म्हणणे, राहायचे अमेरिकेत तर अमेरिकन व्हावे.

हा प्रश्न तितका अवघड नव्हता. अमेरिकेत फ्रेंच आणि अमेरिकन अभ्यासक्रम एकत्र शिकवणाऱ्या शाळा जुन्या आहेत. न्यूयॉर्कची 1935 ची, वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डाची 1955 ची, सॅन फ्रान्सिस्कोतल्या दोन 1962 आणि 1967 च्या. फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाची मान्यता असलेल्या शाळेतून तशाच दुसऱ्या शाळेत जाताना प्रवेश परीक्षा द्यावी लागत नाही. आधीच्या शाळेचा दाखला आणि गुणपुस्तिका पुरते. जागा असेल तर दार उघडे असते.

खरी अडचण एका तारखेत होती. फ्रान्समध्ये इयत्ता जन्मवर्षावर ठरते: 1 जानेवारी ते 31 डिसेंबर या काळात जन्मलेली सगळी मुले एका वर्गात. कॅलिफोर्नियात 1 सप्टेंबरपर्यंत पाच वर्षे पूर्ण झाली तरच किंडरगार्टन. त्यामुळे सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेले मूल फ्रान्सहून इथे आले की त्याच्या वयाची अमेरिकन मुले एक इयत्ता मागे असतात. थोरली नोव्हेंबरची. वयाने सातवी, शिक्षणाने आठवी. फेब्रुवारीत जन्मलेल्या धाकट्याला हा प्रश्नच नव्हता.

दुसरी अडचण इंग्रजीची. शाळेत दोन वर्षे परकी भाषा म्हणून शिकलेले इंग्रजी तिच्याजवळ होते. पुस्तकातले संवाद म्हणता येतील, कादंबरी वाचता येणार नाही, असे.

तिसरी पैशाची. या परिसरातल्या खासगी द्विभाषिक शाळांची फी एका मुलामागे वर्षाला 30 हजार डॉलरच्या वर. शाळेकडून काही सवलत मिळण्यासारखी होती. फ्रेंच सरकार परदेशातल्या अशा शाळांसाठी शिष्यवृत्ती देते, पण ती वकिलातीत नोंद असलेल्या फ्रेंच नागरिकांच्या मुलांना. ही मुले फ्रान्समध्ये जन्मली असली तरी फ्रेंच नागरिक नव्हती. आईला कामाची परवानगी मिळायला काही महिने लागणार होते, तोवर एकच पगार. दोन मुलांची फी शक्यच नव्हती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, दोघांनाही घराजवळच्या सरकारी शाळेत घालायचे. फुकट आणि चांगली शाळा. पण फ्रेंच थेट हायस्कूलमध्ये, तेही परकी भाषा म्हणून पहिल्या धड्यापासून. काही राज्यांत सरकारी शाळांतच अर्धा वेळ फ्रेंच असते: न्यूयॉर्क शहरात 2007 पासून असे वर्ग आहेत, युटामध्ये बरेच आहेत. या कुटुंबाच्या भागात तसे काही नव्हते.

दुसरा, सरकारी शाळा आणि जोडीला फ्रान्सच्या दूरशिक्षण संस्थेचा अर्धा अभ्यासक्रम. 'क्नेद' ही संस्था 1939 पासून घरी बसून शिकणाऱ्यांसाठी काम करते. परदेशातल्या स्थानिक शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी तिचा लहान अभ्यासक्रम असतो, फक्त फ्रेंच आणि आणखी एकदोन विषयांचा. स्वस्त, पण रोज संध्याकाळी कोणी तरी मुलाशेजारी बसायला हवे.

तिसरा, एका मुलाला द्विभाषिक शाळेत आणि दुसऱ्याला सरकारी. मग कोणाला?

इथे सर्वसाधारण समज असा की भाषेसाठी लहान मूल निवडावे. द्विभाषिक शाळाही बालवाडीपासूनच मुले घेऊ पाहतात. बालवाडीत दिवसाचा बहुतेक वेळ फ्रेंच असते आणि वरच्या वर्गांत ते हळूहळू निम्म्यावर येते. या हिशोबाने धाकट्याचा नंबर पहिला लागायला हवा होता.

मी उलट सांगितले, आणि ते मत मी अजूनही बदललेले नाही. धाकट्याजवळ बोलण्याचे फ्रेंच होते. थोरलीजवळ विचार करण्याचे होते. तिला फ्रेंचमध्ये भूमितीची सिद्धता लिहिता येत होती, इतिहासाच्या दस्तऐवजावर दोन पाने टिप्पणी करता येत होती. बारा वर्षांच्या मुलीकडून हे काढून घेतले तर तिला एकाच वेळी दोन गोष्टी कराव्या लागतील: नवी भाषा शिकायची आणि त्या भाषेत आपण हुशार आहोत हे पुन्हा सिद्ध करायचे. शाळेच्या वयात ते फार जड जाते.

आईला हे पटायला आठवडा लागला. धाकट्यावर अन्याय होतोय ही तिची बोच शेवटपर्यंत राहिली. थोरली द्विभाषिक शाळेत आणि धाकटा सरकारी शाळेच्या पहिलीत अधिक क्नेद, असे ठरले.

पहिला निर्णय: इयत्ता

थोरलीसाठी शाळेने दोन्ही दारे उघडी ठेवली. गुणपुस्तिकेप्रमाणे आठवी, किंवा पालकांची इच्छा असेल तर वयाप्रमाणे सातवी.

हा निर्णय दहा मिनिटांत झाला. गुण उत्तम होते. पुण्यात आजीआजोबांना "वर्ष मागे घातलं" हे सांगणे आईवडिलांना नको होते. मला विचारले तेव्हा मीही म्हटले, "हुशार मुलगी आहे, वर्ष कशाला वाया घालवता?" थोरलीला कोणीच विचारले नाही.

मी विसरले ते असे. अमेरिकन शाळेचे जे गुणपत्रक पुढे विद्यापीठाकडे जाते ते नववीपासून सुरू होते. आठवीत बसवले म्हणजे इंग्रजी सुधारायला तिला जेमतेम एक वर्ष. सातवीत बसवले असते तर दोन. मी फ्रेंचची शिक्षिका, मी तिच्या फ्रेंचकडे पाहिले. तिच्या इंग्रजीला किती वेळ लागेल हे मोजलेच नाही.

शाळेतले पहिले वर्ष

द्विभाषिक शाळेबद्दल बाहेरच्यांना वाटते की तेच शिक्षण दोन भाषांत असते. तसे नसते. दोन देशांच्या शिकवण्याच्या सवयी एका वेळापत्रकात शेजारी शेजारी बसवलेल्या असतात, आणि त्यांच्यातला पूल बहुतेक वेळा मूल स्वतःच बांधते.

गणितापासून सुरुवात करू. फ्रेंच वर्गात साडेतीन म्हणजे 3,5. अमेरिकन वर्गात 3.5. फ्रेंच भागाकारात भाजक उजवीकडे आणि भागाकार त्याच्या खाली. फ्रेंच सातच्या पोटात आडवी रेघ असते. अमेरिकन शिक्षकाला तिच्या एकमध्ये सात दिसायचा, कारण फ्रेंच एकाला वर जाणारा लांब शेंडा असतो. या गोष्टी महिन्याभरात सुटल्या. मोठा फरक असा की अमेरिकन शाळा एक वर्ष बीजगणित, मग एक वर्ष भूमिती असे तुकडे करते. फ्रेंच पद्धतीत दोन्ही दरवर्षी एकत्र चालतात. पण गणित फ्रेंचमध्ये होते, म्हणून थोरली तिथे निर्धास्त होती. आठवड्यातले ते तास तिचे हक्काचे.

निबंधाने मात्र तिला रडवले. फ्रेंच निबंधात आधी प्रश्न उभा करतात, मग एक बाजू, मग तिच्या उलट बाजू, आणि आपले मत अगदी शेवटी, तेही जपून. सुरुवातीलाच मत सांगितले तर ते उथळपणाचे लक्षण. अमेरिकन इंग्रजीच्या तासाला बरोबर उलट हवे असते: पहिल्या परिच्छेदात तुझे म्हणणे सांग, पुढच्या परिच्छेदांत पुरावे दे. ऑक्टोबरमध्ये तिचा पहिला मोठा इंग्रजी निबंध परत आला. वर लिहिले होते की यात तुझे म्हणणे कुठेच सापडत नाही. ते शेवटच्या ओळीत होते. तिने तो कागद मला दाखवला आणि विचारले, "मावशी, शेवटपर्यंत वाचलंच नाही का त्यांनी?"

शिक्षिका चांगली होती, निबंध पूर्ण वाचला होता. दोन्ही बाजूंच्या शिक्षकांनी एकत्र बसून मुलांना हा फरक समजावून सांगायला हवा होता. त्या शाळेत फ्रेंच विभाग आणि इंग्रजी विभाग यांच्या बैठका वेगवेगळ्या व्हायच्या. मीही अशा शाळांत वर्षे काढली, आणि मीही कधी शेजारच्या वर्गात जाऊन विचारले नव्हते की तुम्ही निबंध कसा मागता.

शाळेने तिला इंग्रजीचा जादा आधारवर्ग दिला. तो स्पॅनिशच्या तासाला होता, त्यामुळे ग्रेनोब्लला सुरू केलेले स्पॅनिश सुटले.

मग मार्च 2020. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या सहा काउंटींनी 17 मार्चपासून लोकांना घरात राहायचा आदेश दिला. शाळा पडद्यावर आली. ज्या मुलीला इंग्रजी आजूबाजूला ऐकून, डब्याच्या सुट्टीत बोलून, मैदानावर भांडून यायचे होते, तिच्यासाठी नेमके तेच बंद झाले. फ्रेंच तासांना ती कॅमेरा चालू ठेवायची, इंग्रजी तासांना बंद.

दुसरा निर्णय: पुन्हा आठवी

फ्रेंच शाळांत वर्षातून तीनदा वर्गातल्या सगळ्या शिक्षकांची सभा होते आणि एकेका मुलाबद्दल बोलले जाते. जूनच्या सभेने थोरलीला नववीत पाठवायची शिफारस केली. फ्रेंच व्यवस्थेत आता वर्ष पुन्हा करायला लावणे विरळच, आणि तिचे फ्रेंच विषयांचे गुण उत्तम होते. कागदावर काहीच बिघडलेले नव्हते.

त्याच आठवड्यात थोरलीने आईला सांगितले की तिला आठवी परत करायची आहे.

घरात वादळ उठले. वडिलांना वाटले ती खचली आहे, तिला समजावायला हवे. आईने मला फोन केला: "ताई, पुण्यात काय सांगू? नापास झाली म्हणून? आणि तीस हजार डॉलर जास्तीचे, ते वेगळेच." मी म्हटले, तिच्याशी मला बोलू दे.

अंगणात, मास्क लावून, सहा फुटांवर बसून आम्ही बोललो. तिने जे सांगितले ते मी तेव्हा घरी येऊन लिहून ठेवले होते. "मावशी, वर्गात विनोद झाला की मी दोन सेकंदांनी हसते. सगळे माझ्यापेक्षा मोठे आहेत. ते हायस्कूलचं बोलतात. मला अजून एक वर्ष हवंय, आणि मला कोणी विचारलंच नव्हतं."

यातले शेवटचे वाक्य मला लागले.

बाजू आणि विरुद्ध बाजू आम्ही सगळ्यांनी मिळून कागदावर मांडल्या. विरुद्ध: एका वर्षाची फी, फ्रेंच विषयांत तिला कंटाळा येण्याची शक्यता, आणि लोक काय म्हणतील. बाजूने: वयाची मुले, गुणपत्रक सुरू होण्याआधी इंग्रजीला एक वर्ष, स्पॅनिश परत घेता येईल, आणि पुढचे वर्षही अर्धे पडद्यावर जाण्याची चिन्हे. या शेवटच्या मुद्द्याला माझ्या मते सर्वांत जास्त वजन होते, कारण ते वर्ष नववीचे असते तर त्याचा डाग कायमचा राहिला असता.

वडिलांनी एकच अट घातली: फ्रेंच विषयांत तिला जादा काम द्यावे. शाळेने ते मान्य केले. गणिताच्या शिक्षकाने तिला वर्षभर वरच्या इयत्तेच्या सिद्धता दिल्या, आणि त्यातून तिला गणिताची खरी गोडी लागली. पहिल्या निर्णयाला दहा मिनिटे लागली होती, याला तीन आठवडे. नियमाप्रमाणे पाहिले तर पहिला निर्णय बरोबर होता आणि दुसरा विचित्र. मुलीकडे पाहिले तर उलट.

धाकट्याचे काय झाले

धाकट्याचे क्नेद पहिल्या वर्षी बरे चालले. संध्याकाळी आई शेजारी बसायची. दुसऱ्या वर्षी आईला नोकरी लागली आणि वह्या मागे पडू लागल्या. दिवसभर इंग्रजीत शिकलेला सात वर्षांचा मुलगा रात्री सात वाजता फ्रेंच व्याकरणाला बसतो तेव्हा ती भाषा त्याच्यासाठी शिक्षा होते. दीड वर्षाने त्यांनी ते थांबवले. नवव्या वर्षी तो बहिणीचे फ्रेंच समजायचा आणि उत्तर इंग्रजीत द्यायचा.

पण त्याच काळात दुसरेच काही घडत होते. जानेवारी 2020 मध्ये आजी सहा महिन्यांसाठी आली होती. मार्चमध्ये भारताने आंतरराष्ट्रीय विमाने बंद केली. पुढे परतीची खास विमाने सुरू झाली, पण आजीची प्रकृती आणि विमानातली गर्दी पाहून घरच्यांनी तिचा मुक्काम रीतसर वाढवून घेतला. ती डिसेंबरपर्यंत राहिली. वर्षभर घरात धाकटा आणि आजी. तो तिच्याकडून मराठी वाचायला शिकला, पाढे शिकला, निवडलेल्या मेथीचा हिशोब ठेवायला शिकला. फ्रेंचमध्ये एकोणऐंशीला 'साठ-दहा-नऊ' म्हणतात हे त्याने आजीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आपलं तरी काय वेगळं, ऐंशीला एक कमी!" दोघे त्या दिवशी शंभरापर्यंतचे सगळे आकडे दोन्ही भाषांत सोडवत बसले.

आज तो मराठी वाचतो, तिन्ही भाषांत ऐकतो, फ्रेंच लिहीत नाही. आईला वाटते, फीचे पैसे असते तर चित्र वेगळे दिसले असते. कदाचित. मला असेही वाटते की फ्रेंच त्याच्या दिवसात कोणाशी किंवा कशाशी तरी जोडलेले असायला हवे होते. थोरलीचे फ्रेंच गणिताला जोडलेले होते, त्याचे मराठी आजीला. त्याचे फ्रेंच फक्त वहीला जोडलेले राहिले.

तिसरा निर्णय: कोणते प्रमाणपत्र

दहावी संपताना, 2023 च्या वसंतात, थोरलीसमोर तीन वाटा होत्या. अमेरिकन हायस्कूल डिप्लोमा, काही द्विभाषिक शाळांप्रमाणे तिच्याही शाळेत असलेला इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, आणि फ्रेंच बाकालोरेआ, म्हणजे फ्रान्सची शालान्त परीक्षा. यातली फ्रेंच वाट नुकतीच बदलली होती. जुन्या 'आंतरराष्ट्रीय पर्याया'ची जागा 'बाकालोरेआ फ्राँसे एँतेर्नास्योनाल', म्हणजे बेएफई, घेत होता. त्याची पहिली परीक्षा 2024 मध्ये. नेहमीच्या फ्रेंच परीक्षेत आणखी काही भर पडते: अमेरिकन विभागात इंग्रजी साहित्य, इंग्रजीत इतिहास-भूगोल, आणि 'जगाची ओळख' नावाचा विषय, ज्यात परदेशातल्या जोडीदाराबरोबर प्रकल्प करायचा असतो.

मार्गदर्शक शिक्षिकेची काळजी वाजवी होती. फ्रेंच गुण 20 पैकी असतात. 10 ला पास, 12, 14 आणि 16 ला चढत्या क्रमाने श्रेणी. 14 म्हणजे 'चांगले', आणि ते मिळवायला घाम गाळावा लागतो. अमेरिकन डोळ्याला मात्र 20 पैकी 14 म्हणजे 70 टक्के, जेमतेम. शाळा विद्यापीठांना गुणपद्धती समजावणारे पत्र पाठवते, पण नवे प्रमाणपत्र, पहिल्याच एकदोन तुकड्या, कोण किती लक्षपूर्वक वाचेल?

या वेळी पहिला शब्द थोरलीचा होता. तिला बेएफई हवे होते. कारणे तिने स्वतः लिहून आणली: गणित आणि भौतिक-रसायन हे दोन्ही विशेष विषय खोलात करता येतील, शेवटच्या वर्षी तत्त्वज्ञान सक्तीचे आहे आणि तिला ते आवडेल असे वाटते, आणि फ्रान्सची दारे उघडी राहतील. वडिलांनी या तिसऱ्या कारणाला पैशाच्या बाजूने दुजोरा दिला. 2019 पासून फ्रान्सच्या सरकारी विद्यापीठांत युरोपीय संघाबाहेरच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी जास्त फी ठरवलेली आहे. सुरुवातीला ती वर्षाला 2,770 युरो होती आणि मग थोडी थोडी वाढली. तरी ती तिच्या शाळेच्या एका वर्षाच्या फीपेक्षा कितीतरी कमी. शिवाय अमेरिकेत भारतीयांच्या ग्रीन कार्डची रांग आणि एकविसाव्या वर्षी मुलांचा अवलंबित व्हिसा संपण्याची तलवार या घरावरही होती.

निकाल

अकरावीच्या शेवटी फ्रेंच साहित्याची परीक्षा, चार तास लेखी आणि वीस मिनिटे तोंडी. तोंडीत तिला ज्या कवीवर विचारले त्याची एक कविता तिच्या लहानपणच्या चित्रांच्या वहीत होती. 2025 मध्ये तिने बेएफई पूर्ण केले, श्रेणी 'चांगले'. इंग्रजी साहित्यात तिला गणितापेक्षा एक गुण जास्त पडला, यावर घरात अजून कोणाचा विश्वास बसत नाही. कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाचा प्रवेश हातात होता, पण ती ल्योंला गणित शिकायला गेली.

पैशाची बाजू झाकून ठेवणे बरोबर नाही. सवलत धरूनही सहा वर्षांच्या फीने या घराची बचत संपवली. घर घ्यायचे पुढे ढकलले गेले, ते अजून घेतलेले नाही. बहुतेक मराठी कुटुंबांना हे परवडणार नाही, आणि ज्यांना परवडेल त्यांनीही कागदावर सगळ्या वर्षांचा आकडा लिहून मगच सही करावी. पहिल्या वर्षाचा आकडा फसवतो.

आज पुन्हा करायचे तर

इयत्तेचा प्रश्न मी सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत सावकाश घेईन. सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेले मूल फ्रान्सहून आले तर कोणत्या भाषेला वेळ हवा आहे ते मोजेन, आणि अमेरिकन गुणपत्रक कधी सुरू होते तिथून मागे मोजत येईन. सातवीत सुरुवात झाली असती तर तेच अंतर, तीच फी, पण "नापास" हा शब्द घरात आला नसता.

निघण्याची तारीखही मी पाहीन, आणि हे मला फार उशिरा कळले. फ्रान्समध्ये परदेशी आईवडिलांच्या पोटी जन्मलेले मूल आठव्या वर्षापासून तिथे राहत असेल तर तेराव्या वर्षापासून, त्याच्या संमतीने, आईवडील त्याच्या नागरिकत्वासाठी अर्ज करू शकतात. कुटुंब निघाले तेव्हा थोरलीला तेरा पूर्ण व्हायला चारपाच महिने होते. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे त्यांनी तो अर्ज केला असताच असे नाही. आई म्हणते, केला नसता. वडील म्हणतात, विचार तरी केला असता. पण हा निर्णय आहे हेच कोणाला माहीत नव्हते, आणि तो न घेताच संपला. शिष्यवृत्ती, विद्यापीठाची फी, व्हिसा, सगळ्यावर त्याचा परिणाम झाला.

शाळेला मी पहिल्याच भेटीत विचारेन: दोन्ही भाषांचे शिक्षक एकत्र कधी बसतात? निबंध दोन्हीकडे कसा शिकवता, आणि त्यातला फरक मुलांना कोण सांगते? या प्रश्नाच्या उत्तरावरून शाळेबद्दल जे कळते ते माहितीपत्रकातून कळत नाही. मी स्वतः आता दरवर्षी सप्टेंबरमध्ये शेजारच्या इंग्रजी वर्गात एक तास मागून घेते, आणि आम्ही दोघी मिळून एकाच विषयावरचे दोन निबंध फळ्यावर मांडतो.

धाकट्यासाठी क्नेदऐवजी मी एखादा फ्रेंच बोलणारा मुलगा शोधला असता, आठवड्यातून दोनदा फुटबॉल खेळायला. किंवा उन्हाळ्यात महिनाभर ग्रेनोब्लला जुन्या शेजाऱ्यांकडे. विमानाचे तिकीट एका सत्राच्या फीपेक्षा कितीतरी स्वस्त.

थोरली ल्योंहून धाकट्याला पत्रे लिहिते, फ्रेंचमध्ये. पहिले पत्र तिच्या त्या वळणदार जोडअक्षरात होते आणि त्याला एक शब्द लागला नाही, कारण त्याच्या सरकारी शाळेने त्याला फक्त सुटी छापील अक्षरेच शिकवली. आता ती सुटी अक्षरे काढते. तो पत्र मोठ्याने वाचतो, अडला की तिला फोन करतो, आणि उत्तर देवनागरीत लिहून पाठवतो.